संपूर्ण खर्चाचा भार

आमच्या पेपरात कुणी कधी नुसते पैसे दिले नाहीत. दिले की ‘खर्चाचा भार उचलला’. शाळेत चार डझन वह्या वाटल्या तरी शैक्षणिक खर्चाचा भार उचलला, आणि इस्पितळात एखाद्याच्या उशाशी फळांची पिशवी ठेवून फोटो काढला तरी उपचारांच्या खर्चाचा भार उचलला. हे शब्द मामांचे. तीस वर्षं त्यांनी ते तिसऱ्या पानासाठी लिहिले आणि त्यातली शेवटची बारा वर्षं मी ते पानात बसवले. पान लावणं हे माझं काम. दुसऱ्याचं लिहिलेलं मापात बसवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिलं मला जमतं.

मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. ना भाऊ, ना बहीण, ना मूल. पण मालकांपासून मशीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत आणि त्यांच्या बायकोला, जिला निम्म्यांनी पाहिलंही नव्हतं, मामी. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. ते का ठेवता म्हणून विचारलं की म्हणत, “कुणी मागितलं तर द्यायला.” कॉम्प्युटरला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे, बोटांवर शब्द मोजायचे आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून वर चष्म्याची डबी ठेवायचे, पंख्याने उडू नये म्हणून.

तिसरं पान म्हणजे गावातले कार्यक्रम, सत्कार, मदत आणि निधन. हे पान पाच वाजता मशीनवर जातं. कार्यक्रम सुरू होतात सहाला. आता सहाच्या कार्यक्रमाची बातमी पाचच्या पानात कशी येणार? येते. मामा दुपारी दोनला कार्यक्रमपत्रिका समोर घेऊन बसायचे आणि ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ लिहून मोकळे व्हायचे. कोण बोलणार हे पत्रिकेवर असतंच आणि काय बोलणार हे सगळ्यांना माहीत असतं. एकदा प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. आमच्या पेपरात त्यांनी अत्यंत प्रेरक भाषण केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो, तर त्यांनी आभार मानले.

या आधीच लिहिण्यातून मामांचा एक सिद्धांत तयार झाला होता. छापलं की माणूस अडकतो. स्टेजवर उभं राहून “आम्ही बघू, काहीतरी करू” म्हणणारा दुसऱ्या दिवशी पेपरात ‘खर्चाचा भार उचलला’ असं वाचतो, बायको वाचते, व्याही वाचतात, मग त्याला मागे फिरता येत नाही. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने म्हणे अशाच छापलेल्या बातमीपायी शाळेचं अख्खं छप्पर घालून दिलं होतं. ही गोष्ट मामांनी मला किमान पन्नास वेळा सांगितली. दुसरं उदाहरण मात्र त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दोन दिवसांतही डबा मात्र आला. मामी त्यांच्या डब्याला एक कप्पा जास्तीचा लावत, माझ्यासाठी. ही पोरगी दुपारी बिस्किटं खाऊन राहते, असं मामांनी कधीतरी घरी सांगितलं होतं, तेवढ्यावर बारा वर्षं तो कप्पा चालू राहिला. मी त्यांना पहिल्यांदा भेटायच्या आधी पाच वर्षं त्यांच्या हातचं जेवत होते.

मधे एकदा एक शिवणकाम करणारी बाई आमच्याकडे आली होती. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचा नवरा कामावर उंचावरून पडला होता, पायाचं ऑपरेशन व्हायचं होतं. एका कापड दुकानदाराने त्याला काहीतरी दिलं, आम्ही ‘संपूर्ण भार उचलला’ म्हणून छापलं आणि नवऱ्याच्या कारखान्यात त्याच्यासाठी वर्गणीचा डबा फिरत होता तो दुसऱ्या दिवशी बंद झाला. ती कात्रण घेऊन आली. भांडली नाही. “एवढंच छापा की पूर्ण दिले नाहीत,” म्हणाली.

मामांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. “बाई, खुलासा छापला की देणारा माणूस तुटतो. आज थोडं दिलंय, उद्या देईल तेही देणार नाही. तुम्ही हे कात्रण घेऊन त्याच्या दुकानात जा. गिऱ्हाईक असेल तेव्हा जा. चार लोकांपुढे नाही म्हणवत नाही.”

बाईने कात्रणाची घडी घातली आणि गेली. पुन्हा आली नाही. मी मामांना विचारलं, तर म्हणाले, “दिले असतील.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी पुढचं पान लावायला घेतलं. मला नोकरी होती. तिचा आवाज मात्र अजून कानात आहे.

आता मामींचं. गेल्या वर्षी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. मग बसल्या जागी लागायला लागली. मोठ्या इस्पितळात नेलं तर डॉक्टरांनी हृदयाची एक झडप बदलायला सांगितली, आणि तीन महिन्यांच्या आत. खर्चाचा आकडा ऐकून मामांच्या तोंडचं पाणी पळालं. पेपरच्या पगारात झडप सोडा, चष्म्याची काचही दोन हप्त्यांत बदलतात.

पण मामा हातपाय गाळून बसणारे नव्हते. महिनाभर ते सकाळी धावपळ करून मग कामावर यायचे. मामींच्या धाकट्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने ते गहाण टाकून जवळपास निम्मी रक्कम उभी करायचं कबूल केलं. इस्पितळातल्या समाजसेवा विभागाने गरजू रुग्णांच्या यादीत मामींचं नाव घेतलं, तिथून तिसरा हिस्सा मिळणार होता. उरला सहावा हिस्सा. त्यातलं थोडं आम्ही ऑफिसातल्यांनी गोळा केलं. म्हणजे घोडं गंगेत न्हायला थोडंसंच बाकी होतं आणि त्या थोड्यासाठी मामा मालकांपुढे उभे राहिले.

मालकांनी त्यांना आठ दिवस ताटकळत ठेवलं. नवव्या दिवशी पेपरचा वर्धापनदिन होता. दुपारी मालक आमच्या टेबलांमधून गेले, जाता जाता मामांच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, मामींचं आपण बघू. संध्याकाळी स्टेजवर जाहीर करतो. बातमीत घेऊन टाका.” एवढंच. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

मामांनी पाठकोरा कागद ओढला. पंधरा मिनिटांनी तो माझ्या टेबलावर आला, वर चष्म्याची डबी. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या पत्नीच्या हृदयशस्त्रक्रियेच्या संपूर्ण खर्चाचा भार व्यवस्थापनाने उचलला असून या निर्णयाचे उपस्थितांनी टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले, वगैरे वगैरे.

“संपूर्ण?” मी विचारलं. “असं म्हणाले?”

“तसं नाही म्हणाले. म्हणून तर लिहितोय.”

“मामा, आपल्याला थोडेच कमी पडतायत. तेवढेच मागा की.”

ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले, आवाज खाली आणला. “तेवढेच मागितले तर त्याच्या निम्मे हातावर टेकवतील. संपूर्ण छापलं तर लाजेकाजेस्तव अर्धे तरी द्यावेच लागतील. मग त्या पोराला दुकान गहाण टाकायला नको. दोन लेकरं आहेत त्याला.” मग थोडं हसून म्हणाले, “आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलं, एकदा घरच्यासाठी लिहितो. लाव पान.”

मी पान लावलं.

संध्याकाळी स्टेजवर मालकांनी मामांना पाकीट दिलं, फोटो झाला, टाळ्या झाल्या. पाकीट कुणी लोकांपुढे उघडत नाही. मामांनी ते मागच्या बोळात, हात धुवायच्या नळापाशी उघडलं. मी तिथेच होते. आत पूर्ण खर्चाचा विसावा हिस्साही नव्हता. मामांनी नोटा दोनदा मोजल्या, पाकिटात आत कुठे चिठ्ठी-बिठ्ठी आहे का पाहिलं आणि म्हणाले, “पहिला हप्ता असेल.”

सकाळी पेपर घरोघर गेला. आठ वाजता मेव्हण्याचा फोन आला. तो रडत होता म्हणे. “दाजी, ताईचं नशीब मोठं. मी बँकेतला अर्ज आजच मागे घेतो.” मामांनी त्याला थांबवायला हवं होतं. मीही हेच म्हणते, तुम्हीही हेच म्हणाल. पण त्या क्षणी त्या माणसाच्या आवाजातला आनंद मामांना मोडवला नाही, आणि त्यांना वाटलं, चार दिवसांत मालकांकडून उरलेलं काढू, मग सांगू. चार दिवसांचे बारा दिवस झाले. तोवर मेव्हण्याने साठवलेल्या पैशांतून मोठ्या मुलीची कॉलेजची फी भरली होती आणि बँकेने अर्ज बंद केला होता. खरं काय ते कळल्यावर त्याने कपाळावर हात मारला, पुन्हा बँकेत खेटे घातले, आणि बँकेने पुन्हा पहिल्यापासून कागद मागितले. त्याला मी दोष देत नाही. त्याने बहिणीसाठी दुकान काढून ठेवलं होतं, आमच्या पेपरने ते परत केलं.

समाजसेवा विभागात मामा गेले तेव्हा सोबत मी होते. तिथली बाई हसतमुख, टापटीप. तिने मामींची फाइल काढली तर आत पहिल्याच पानाला आमच्या बातमीचं कात्रण टाचलेलं. “आम्ही रोज पेपर बघतो हो,” ती म्हणाली, “तुमचं वाचून फार बरं वाटलं. तुमची जागा आम्ही लगेच पुढच्या रुग्णाला दिली.” दुसरीकडून खर्च होत असेल तर विभागाचा पैसा द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. नियम वाईट नाही. मामांनी खरं काय ते सांगितलं. बाईचं हसू मावळलं. ती म्हणाली, पेपरकडून लेखी आणा की पूर्ण खर्च दिलेला नाही, किंवा छापील खुलासा आणा. मी फाइल पुन्हा वर ठेवते, पण कागदाशिवाय मला काही करता येणार नाही.

छापील खुलासा. मामा उठले. जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, “त्या शिवणकामवाल्या बाईच्या नवऱ्याचं निधन आपण छापलं होतं का गं?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

मला चांगलं आठवत होतं. दोन ओळी होत्या, उजवीकडे खाली.

मालकांनी मामांचं म्हणणं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, चहा मागवला. “मामा, मी संपूर्ण म्हणालो होतो का? तुम्ही लिहिलंत. आता मी लेखी देऊ की माझा पेपर खोटं छापतो? आणि खुलासा छापू नये हे तर तुम्हीच मला शिकवलंत.” मामा खाली येऊन हे सगळं जसंच्या तसं मला सांगत होते आणि शेवटी म्हणाले, “बरोबर बोलतात ते.” मला त्या दिवशी मालकांपेक्षा मामांचाच राग आला.

मग मी एक उद्योग केला. दोन ओळींचा खुलासा स्वतः लिहिला आणि तिसऱ्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली, कुणाचं लक्ष जाणार नाही असा बसवला. इस्पितळाला छापील कागद हवा होता, मिळाला असता. मामांनी पान तपासताना तो बरोबर शोधला. लाल पेनने काट मारली.

“तुझी नोकरी जाईल,” म्हणाले.

“जाऊ दे.”

“घरी आई आहे तुझी. आणि माझ्यामुळे आणखी एक घर नको.”

मी ऐकलं. आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते, मला ऐकायचंच होतं. त्यांनी काट मारली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी ती चौकट काढली आणि तिथे एका क्लासची जाहिरात टाकली.

शेवटचा उपाय मामांनी तोच केला, जो त्या बाईला सांगितला होता. मालकांच्या केबिनमध्ये पाहुणे बसलेले असताना कात्रण हातात घेऊन आत गेले. काचेतून मला सगळं दिसत होतं आणि दार उघडं होतं म्हणून ऐकूही आलं. मालकांनी कात्रण पाहिलं, मामांच्या खांद्यावर हात टाकला आणि पाहुण्यांना म्हणाले, “हे आमचे मामा. यांच्या घरच्या ऑपरेशनचा सगळा खर्च आपण उचलला. माणसं जपली पाहिजेत.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकजण मामांना म्हणाला, “नशीबवान आहात.”

मामा म्हणाले, “हो.”

बाहेर येऊन ते जागेवर बसले. कात्रण खिशात ठेवायला गेले तर ते पेनांना अडकून फाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन सत्कार आणि एक वह्यावाटप लिहिलं. वह्यावाटपात ‘शैक्षणिक खर्चाचा भार’ होताच.

मी मामींकडे दर रविवारी जात होते. दोन खोल्या, खिडकीला लागून पलंग, पाठीला तीन उशा. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून त्या बसूनच झोपत. पाय सुजलेले. डबा द्यायचं बंद झालं याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त खंत. एका रविवारी मामा औषध आणायला खाली गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “खरं किती दिले गं?”

मी सांगितलं. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

त्या हसल्या, मग त्यांना खोकला आला, मग पुन्हा हसल्या. “आमच्या लग्नाची बातमी यांनीच लिहिली होती. हजारोंच्या उपस्थितीत. चाळीस माणसं होती, त्यातली सहा फोटोवाली आणि बँडवाली.” मग उशीवर डोकं टेकलं. “मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटतंय, मला वाटतंय की सगळं ठरलंय. रोज सांगतात, पुढच्या आठवड्यात तारीख मिळेल. त्यांच्या मनासारखं होऊ दे.”

“मामी, तुम्ही रागवा तरी त्यांच्यावर.”

“रागवायला दम लागतो गं,” त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मेव्हण्याचं कर्ज मंजूर झालं ते तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला. उरलेलं नंतर भरायच्या बोलीवर इस्पितळाने दाखल करून घेतलं, तपासण्या केल्या आणि डॉक्टर म्हणाले, आता हे शरीर ऑपरेशन झेपवणार नाही. सहा आठवडे आधी आला असतात तर. हे वाक्य ते रोज कुणाला ना कुणाला सांगत असतील. मामांना ते एकदाच ऐकावं लागलं, पण ते त्यानंतर माझ्याशी बोलताना मधेच थांबून “सहा आठवडे” म्हणायचे आणि पुन्हा पहिल्या विषयावर यायचे.

मामी एका बुधवारी दुपारी गेल्या. शुक्रवारी मामा कामावर आले. मी म्हटलं, कशाला आलात, तर म्हणाले, निधन द्यायचंय. निधनाच्या बातम्या तेच लिहायचे, ही दुसऱ्या कुणाला लिहू देणं त्यांना पटलं नसतं. पाठकोरा कागद, बोटांवर शब्द मोजणं, सगळं नेहमीसारखं. कागद माझ्या टेबलावर आला, वर डबी.

सहा ओळी होत्या. मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पती, भाऊ, भाचरं. आणि शेवटची ओळ: त्यांच्या उपचारांच्या संपूर्ण खर्चाचा भार व्यवस्थापनाने उचलला होता.

मी पाच ओळी टाइप केल्या. शेवटची गाळली. मालकांनी सांगितलं असेल का, असं आधी मनात आलं, पण मालक त्या आठवड्यात गावातच नव्हते. मामांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर केला. “शेवटची ओळ?”

“जागा नव्हती.”

त्यांनी पानावर बोट ठेवून खालची मोकळी जागा मोजली. “चार ओळींची जागा आहे.”

मग मात्र माझा बांध फुटला. “मामा, खोटं आहे ते. त्या एका ओळीपायी मामी गेल्या. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आणि त्यांनाही माहीत होतं.”

ते शेवटचं मी बोलायला नको होतं. मामांनी प्रूफ खाली ठेवलं. “तिला माहीत होतं?”

मी मानेनेच हो म्हटलं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. ते बंद पडलेलं निघालं. ते परत ठेवून दुसरं काढलं आणि प्रुफाच्या खाली, माझ्यासमोर, ती ओळ पुन्हा लिहिली. अक्षर नेहमीसारखं ओळीत होतं.

“मग दुसरं काय छापू?” ते म्हणाले. “नवऱ्याला बायकोचं ऑपरेशन करता आलं नाही, म्हणून गेली? हे छापू? तीस वर्षं हे पान ती सकाळी सगळ्यात आधी वाचायची. तिच्यासाठी सगळं केलं, तरी गेली, असं तरी राहू दे कुठेतरी.”

मी ओळ टाइप केली. मामा माझ्या खुर्चीमागे उभे होते, पडद्याकडे बघत.

“संपूर्ण राहिलं का बघ,” ते म्हणाले.

मी पाहिलं. राहिलं होतं. पाचला पान मशीनवर गेलं.